निगेटिव्ह मार्किंगची भीती आणि सुटलेल्या प्रश्नांचे गणित

एमएचटी-सीईटी, नीट, जेईई, पोलीस भरती, रेल्वे, बँक, एमपीएससी. कांदिवलीच्या आपल्या वस्त्यांमधला शिकणारा तरुण यांपैकी एखाद्या तरी परीक्षेच्या तयारीत असतो. परीक्षा वेगवेगळ्या असल्या तरी साचा एकच आहे. प्रश्नाखाली चार-पाच पर्याय, त्यातला एक बरोबर आणि हाताशी वेळ कमी. शेवटची पाच मिनिटे उरतात तेव्हा पंधरा-वीस प्रश्न हातच न लागलेले असतात. परीक्षा संपल्यावर एक मुलगी सांगते, "येत नव्हते ते सोडून दिले." तिच्याच बाकावरचा मुलगा सांगतो, "शेवटी तुक्के मारले." दोघांचा अभ्यास सारखा, पुस्तके सारखी. निकालात मात्र पाच-दहा गुणांचा फरक पडतो आणि तो फरक हुशारीच्या नावावर जमा होतो.

हा फरक कुठून येतो हे समजून घेणे आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहे. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेला ठाकूर व्हिलेज आणि ठाकूर कॉम्प्लेक्स आहे. त्याच कांदिवली पूर्वेला हनुमाननगर आणि दामूनगरही आहे. अंतर रिक्षाने जाण्याइतके. लाखभर फी भरून क्लासला जाणारा विद्यार्थी वर्षभरात ढिगाने सराव परीक्षा देतो. कोणता प्रश्न सोडायचा, कोणता ठोकायचा, शेवटच्या दोन मिनिटांत काय करायचे, हे त्याच्याकडून घोटून घेतले जाते. आपल्या विहारांमधल्या अभ्यासिकांनी मुलांना शांत जागा दिली, दिवा दिला, पुस्तके दिली. ही फार मोठी गोष्ट आहे. पण उत्तर येत नसलेल्या प्रश्नाचे काय करायचे, हे तिथे सहसा कोणी शिकवत नाही. "येत नसेल तर सोडून दे, निगेटिव्ह आहे" एवढाच सल्ला मिळतो. कित्येकदा तर ज्या परीक्षेला निगेटिव्ह मार्किंगच नाही, त्या परीक्षेलाही हाच सल्ला दिला जातो.

आधी नियम, मग निर्णय

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक परीक्षेचा नियम वेगळा आहे. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. पोलीस शिपाई भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेला नाही. शिक्षक पात्रता परीक्षा, सेट, यूजीसी-नेट यांनाही नाही. २०२३ मध्ये झालेल्या तलाठी भरतीलाही नव्हते. अशा परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातातले गुण टाकून देणे होय.

हिशेब साधा आहे. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर तो बरोबर येण्याची शक्यता चारात एक. वीस प्रश्न उरले असतील आणि सगळे भरले, तर सरासरी पाच बरोबर येतात. कधी तीन येतील, कधी सात. वीसपैकी एकही बरोबर न येण्याची शक्यता हजारात साधारण तीन. चुकीच्या उत्तराला दंड नसल्यामुळे नुकसान होण्याची शक्यता शून्य.

एमएचटी-सीईटीची रचनाच अशी आहे की प्रश्न सुटणारच. पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत आणि प्रत्येकाला दोन गुण. पहिला भाग वेळ संपताच बंद होतो, मागे जाता येत नाही. म्हणून "शेवटी भरू" म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावे की या परीक्षेत 'शेवट' दोनदा येतो. दोन्ही वेळी शेवटची दोन मिनिटे उरलेले पर्याय भरण्यासाठी राखून ठेवली पाहिजेत. गणितातला एक सुटलेला प्रश्न म्हणजे सरासरी अर्धा गुण. दहा सोडले तर पाच गुण गेले. शिवाय इथे निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे इतरांच्या तुलनेत. बाकीचे सगळे गोल भरतात तेव्हा न भरणारा आपोआप मागे पडतो.

दंड असेल तेव्हा

आता निगेटिव्ह मार्किंग असलेल्या परीक्षा पाहू. इथेही भीतीपेक्षा हिशेब उपयोगी पडतो.

नीट आणि जेईई मेनच्या पर्यायी प्रश्नांना बरोबर उत्तराचे ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. चार प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी एक बरोबर येतो. चार मिळाले, तीन गेले, एक गुण हातात राहिला. म्हणजे इथे अगदी आंधळा अंदाजही सरासरीने तोट्यात जात नाही. पण एका दिवसाच्या एका पेपरला सरासरी लागू पडेलच असे नाही. वीस प्रश्न आंधळेपणाने भरले तर शंभरातल्या साधारण २२-२३ विद्यार्थ्यांचा तोटा होईल, १९ जण होते तिथेच राहतील आणि उरलेल्या ५८-५९ जणांचा फायदा होईल. हा जुगार खेळायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे ओळखता आले, तर चित्र बदलते. तीनातून एक निवडताना प्रत्येक प्रश्नामागे सरासरी पाऊण गुणाच्या जवळपास फायदा होतो. दोन पर्याय कापता आले तर दीड गुण. असा प्रश्न सोडून देणे म्हणजे दीड गुण टाकणे.

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, २०० गुण आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण वजा. दोन पर्याय कापून उरलेल्या दोनातून एक निवडला तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी पाऊण गुण मिळतो. असे वीस प्रश्न भीतीपोटी सोडणारा उमेदवार २०० पैकी सरासरी १५ गुण मागे ठेवून येतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला १५ गुणांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

यूपीएससी पूर्व परीक्षा आणि रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षांमध्ये दंड एक तृतीयांश आहे. चार पर्याय आणि एक तृतीयांश दंड म्हणजे आंधळ्या अंदाजाची सरासरी बरोबर शून्य. आयबीपीएसच्या बँक परीक्षांत पाच पर्याय आणि एक चतुर्थांश दंड, तिथेही शून्यच. या परीक्षांत काहीच येत नसेल तर भरल्याने किंवा सोडल्याने सरासरीत फरक पडत नाही, तेव्हा तो वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्यावा. पण एक जरी पर्याय खात्रीने कापता आला, तर तराजू भरण्याच्या बाजूने झुकतो.

थोडक्यात नियम असा. दंड नसेल तर एकही गोल कोरा ठेवू नका. दंड असेल तर निदान एक पर्याय खात्रीने कापता आला की उत्तर द्या.

खात्री आणि खात्रीचा भास

या हिशेबात एक धोका आहे आणि तो लपवून ठेवणे योग्य होणार नाही. प्रश्न काढणारे चुकीचे पर्याय कसेही टाकत नाहीत. अर्धवट अभ्यास करणारा ज्या पर्यायाकडे ओढला जाईल, असा पर्याय ते मुद्दाम ठेवतात. "फक्त १ आणि २ बरोबर", "फक्त २ आणि ३ बरोबर" अशा विधानांच्या प्रश्नांत हे जास्त दिसते. तिथे आपल्याला पन्नास टक्के खात्री वाटते आणि प्रत्यक्षात दहातले तीनच बरोबर येतात. म्हणजे पर्याय कापला असे वाटणे आणि तो खरोखर कापला जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर उपाय एकच, स्वतःची नोंद ठेवणे. सराव परीक्षा देताना प्रत्येक उत्तराशेजारी एक खूण करा. खात्रीचे उत्तर, दोनातून निवडलेले, तीनातून निवडलेले, पूर्ण तुक्का. पेपर तपासल्यावर प्रत्येक गटातले किती बरोबर आले ते मोजा. आठ-दहा पेपरांनंतर आपले आपल्याला कळते. दोनातून निवडलेली निम्मी उत्तरे बरोबर येत असतील तर परीक्षेतही तसेच करा. एक तृतीयांशापेक्षा कमी येत असतील तर तुमचे कापणे चुकते आहे, तिथे अभ्यास वाढवा. वहीच्या शेवटच्या पानावर होणारे हे काम आहे. त्याला ना फी लागते, ना टॅबलेट.

काही समज मात्र सोडून दिलेले बरे. "क पर्याय जास्त वेळा बरोबर असतो", "सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो", "सलग तीन उत्तरे एकच आली तर चौथे वेगळे असणार" ही सगळी परीक्षेतली बुवाबाजी आहे. अनेक संगणकीय परीक्षांत प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम उमेदवारागणिक बदलतो. तुमचा 'क' शेजारच्याचा 'अ' असू शकतो. वेळ संपत आली असेल तर उरलेल्या सगळ्या प्रश्नांना एकच पर्याय देण्यात गैर काही नाही. फायदा एवढाच की विचारात वेळ जात नाही.

संगणकीय परीक्षेत आणखी एक काळजी घ्यावी. पर्यायावर क्लिक केले पण 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबले नाही, तर उत्तर धरले जाईलच असे नाही. जेईई मेनमध्ये उत्तर देऊन 'मार्क फॉर रिव्ह्यू' केलेला प्रश्न तपासला जातो, पण उत्तर न देता नुसता 'रिव्ह्यू'ला ठेवलेला प्रश्न कोराच राहतो. पडद्यावरच्या सूचना सुरुवातीलाच वाचाव्यात. वीस प्रश्न भरून सेव्ह करायला दीड-दोन मिनिटे सहज लागतात. ओएमआर शीटवर काळ्या पेनाने गोल रंगवायलाही तेवढाच वेळ जातो.

नशीब सगळ्यांना सारखे, भीती सारखी नसते

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. तलाठी भरतीसारख्या परीक्षांवर टीका होते ती अशी की दंड नसल्यामुळे तुक्के मारणारे पुढे जातात आणि गुणवत्तेवर अन्याय होतो. दहा लाखांहून अधिक अर्ज आलेल्या त्या भरतीत, वेगवेगळ्या शिफ्टमधले गुण समान पातळीवर आणण्याच्या नॉर्मलायझेशनमुळे, २०० पैकी २१४ गुण दिसले. जानेवारी २०२४ मध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला आणि परीक्षेवरचा लोकांचा विश्वास आणखी डळमळला. त्यामुळे "दंड लावा म्हणजे खरी गुणवत्ता कळेल" हे म्हणणे अनेकांना पटते.

पण आकडे काय सांगतात ते पाहा. समजा १०० प्रश्नांच्या परीक्षेत एका उमेदवाराला ६० प्रश्न येतात. उरलेले ४० त्याने आंधळेपणाने भरले तर सरासरी ७० गुण होतात. नशिबामुळे हा आकडा सहसा अडीच-तीन गुणांनी खाली-वर होतो. तितकाच अभ्यास असलेल्या दुसऱ्या उमेदवाराने ४० कोरे सोडले, तर त्याचे ६०च राहतात. म्हणजे नशिबामुळे पडणारा फरक तीन गुणांचा आणि भीतीमुळे किंवा नियम माहीत नसल्यामुळे पडणारा फरक दहा गुणांचा. नशीब कोणाचे आडनाव पाहत नाही, वस्ती पाहत नाही. भीती मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

दंडाची भीती कोणाला जास्त मागे खेचते, यावर संशोधन झाले आहे. कॅथरीन बाल्डिगा यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी सॅट विषय परीक्षांतले प्रश्न वापरले. चुकीला दंड नव्हता तेव्हा सगळ्यांनीच सगळे प्रश्न सोडवले. दंड लावला तेव्हा ज्ञान सारखे असूनही स्त्रियांनी पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न सोडून दिले आणि त्यांचे गुण कमी झाले. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेतून चुकीचा दंड काढून टाकला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मुली आणि मुलगे किती प्रश्न सोडून देतात यातली दरी त्यानंतर ७० टक्क्यांनी कमी झाली. अमेरिकेच्या सॅट परीक्षेनेही २०१६ पासून चुकीच्या उत्तराचा दंड बंद केला.

या अभ्यासांत तुलना स्त्री-पुरुषांची आहे. पण आपण आपल्या घरात पाहू. चुकलो तर दुसरी संधी नाही, पुढच्या वर्षीच्या फीचे पैसे नाहीत, घरात शिकणारी पहिलीच पिढी, अशा परिस्थितीतली मुलगी धोका पत्करायला कचरणारच. ज्याच्या पाठीशी आणखी दोन वर्षे क्लास लावण्याची ऐपत आहे, तो निर्धास्तपणे गोल रंगवतो. दोघांना एकच पेपर मिळतो, पण पेपरसमोर बसलेल्या दोघांची परिस्थिती एक नसते. "तुम्हाला काय, तुमचा कटऑफ कमी" असे टोमणे मारणाऱ्यांना हे दिसत नाही. ज्या दंडाला ते गुणवत्तेची चाळणी समजतात, ती चाळणी ज्ञानासोबत धाडसही मोजते. आणि धाडस बहुतेक वेळा घरच्या परिस्थितीतून येते.

एका प्रश्नाने काय होते, हे नीट २०२४ ने देशाला दाखवले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे आधी बरोबर धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले आणि एकच उत्तर ग्राह्य ठरले. दुसरे उत्तर लिहिलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे मिळालेले चार गुण गेले आणि वर एक वजा झाला. जुलै २०२४ च्या सुधारित निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. पाच गुणांनी शिखरावरचे चित्र पालटले. गुणवत्ता यादीच्या मधल्या भागात तर एकेका गुणावर हजारो विद्यार्थी दाटीवाटीने उभे असतात. तिथे पाच गुण म्हणजे सरकारी महाविद्यालय की खासगी, शिक्षण की कर्ज, असा प्रश्न असू शकतो.

फसवणूक आहे का?

काही ज्येष्ठांना वाटते की अंदाजाने उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे आहे. हा आक्षेप मनापासून घेतलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. कॉपी करणे म्हणजे नियम मोडणे. येत नसलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची मुभा मात्र परीक्षेच्या नियमांनीच दिली आहे आणि त्याची किंमतही नियमांनीच ठरवली आहे. दोन पर्याय चुकीचे आहेत हे ओळखणे हेही ज्ञानच आहे. ते अर्धे ज्ञान आहे आणि त्याचे अर्धे गुण मिळणे न्यायाचे आहे. नशीब न मानणाऱ्या समाजाच्या मुलांनी शक्यतेचे गणित तर आणखी चांगले शिकायला हवे.

अर्थात अंदाज हा अभ्यासाला पर्याय होऊ शकत नाही. साठ प्रश्न येणाऱ्याला या हिशेबाने दहा गुण मिळतील, पण साठाचे ऐंशी करायचे तर पुस्तकच उघडावे लागेल.

कार्यकर्त्यांनी काय करावे

हे काम मोर्चाचे नाही, एका रविवारचे आहे. प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत एका भिंतीवर तक्ता लावावा. परीक्षेचे नाव, प्रश्न किती, वेळ किती, पर्याय किती, चुकीला दंड किती. नियम बदलत राहतात, म्हणून दरवर्षी जाहिरात आणि माहितीपत्रक पाहून तो तक्ता नव्याने लिहावा. बँकेत, रेल्वेत, पोलीस दलात लागलेल्या आपल्या दादा-ताईंनी महिन्यातून एकदा घड्याळ लावून सराव परीक्षा घ्यावी. शेवटची दोन मिनिटे उरली की मोठ्याने सांगावे, "आता उरलेले भरा." ही सवय परीक्षा केंद्रावर आपोआप लागत नाही, आधी हाताला लावावी लागते. मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. सराव पेपरात कोणी किती प्रश्न कोरे सोडले हे मोजावे आणि का सोडले ते प्रेमाने विचारावे.

पुण्याची बार्टी ही संस्था अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण चालवते. त्या प्रशिक्षणात परीक्षेच्या गुणपद्धतीचा हिशेब हा स्वतंत्र विषय असावा, अशी मागणी आपण लेखी केली पाहिजे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडेही मागणी आहे. दंडाचा नियम पडद्यावर आणि प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, उदाहरणासह छापा. कोणत्या प्रवर्गाच्या, कोणत्या माध्यमाच्या, मुलींच्या आणि मुलांच्या किती प्रश्नांची उत्तरे कोरी राहिली, ही आकडेवारी जाहीर करा. हा सगळा तपशील त्यांच्या संगणकात आधीच असतो. तो बाहेर आला तर दंडाची पद्धत गुणवत्ता मोजते की भीती, याचे उत्तर सगळ्यांनाच मिळेल.

ते उत्तर येईपर्यंत आपल्या मुलामुलींनी थांबण्याचे कारण नाही. पुढची परीक्षा देण्याआधी माहितीपत्रकात दंडाची ओळ शोधा, हिशेब करा आणि ज्या परीक्षेत दंड नाही तिथे शेवटची घंटा वाजेल तेव्हा एकही गोल कोरा नसेल याची काळजी घ्या.